गोंगाटातले तीन पोपट

मेलबर्नमध्ये आपल्या लोकांकडे जेवायला गेलं की पानं वाढायच्या आत कुणीतरी विचारतंच, "तू काय करतेस गं?"

मी सांगते, "पक्षी ऐकते."

"बघतेस?"

"नाही, ऐकते."

मग एखादी बाई फार मायेने विचारते, "ते छानच आहे, पण नोकरी?"

हीच माझी नोकरी. सतरा वर्षं झाली. कुठे नवा रस्ता, नवी वसाहत किंवा नवी खाण व्हायची असली की आधी त्या जागेवर काय काय जगतं आहे याचा अहवाल द्यावा लागतो. त्यातला पक्ष्यांचा भाग मी करते. सकाळी उजाडल्यावर जमिनीच्या ठरलेल्या तुकड्यात उभं राहायचं, वीस मिनिटं थांबायचं, जे असेल ते लिहायचं आणि पुढच्या तुकड्यात जायचं. लोकांना वाटतं, गळ्यातली दुर्बीण महत्त्वाची. ती असतेच. पण इथली गमची, म्हणजे निलगिरीची, झाडं उंच, पानं खाली लोंबणारी आणि पक्षी मुठीएवढे. एखादा दिसतो, बाकीचे नुसते ऐकू येतात. त्यामुळे या धंद्यात माणसाची पत त्याच्या कानावर ठरते.

आणि कानाला फसवणारे पक्षी इथे ढिगाने आहेत. थॉर्नबिल नावाचे चिमणीहून लहान, करडे-पिवळे पक्षी एका झाडावर तीन-तीन जातींचे असतात. एक टिझ्-टिझ् करतो, दुसरा टिस्-टिस्, आणि तिसरा लहर लागेल तसं दोन्ही. पहिले सहा महिने मला वाटायचं की ही मंडळी ठरवून माझी चेष्टा करताहेत.

मी काही पक्षितज्ज्ञ म्हणून आले नव्हते. पुण्यात कोथरूडला मी तीन वर्षं मेडिकल ट्रान्स्क्रिप्शन करत होते. अमेरिकेतले डॉक्टर रुग्ण तपासून झाला की भराभर बोलून ठेवायचे, ते कानाला हेडफोन लावून ऐकायचं आणि टाइप करायचं. पायाखाली एक पेडल असायचं. दाबलं की टेप थोडी मागे. सँडविच खाता खाता बोलणारे डॉक्टर मी ऐकले आहेत, गाडी चालवत बोलणारेही.

त्या वर्षांत ज्याला त्याला ऑस्ट्रेलियाचं वेड लागलं होतं. आमच्या बॅचमधले अर्धे लोक अकाउंटिंग, कुकरी, हेअरड्रेसिंग असे कोर्स घेऊन निघाले. माझी बी.एस्सी. बॉटनीतली, म्हणून मी पर्यावरणशास्त्राच्या मास्टर्सला प्रवेश घेतला आणि मेलबर्नच्या ग्लेन वेव्हर्ली उपनगरातल्या एका घरात सहा मुलींबरोबर राहायला लागले. सकाळी युनिव्हर्सिटी, दुपारनंतर शॉपिंग सेंटरमधल्या बेकरीत शिफ्ट. दोन वर्षांनी कोर्स संपला आणि हातात तात्पुरता व्हिसा आला. पुढे इथे राहायचं तर शिक्षणाशी जुळणारी नोकरी हवी होती आणि मालकाचं तसं पत्र हवं होतं. बेकरीचं पत्र चालणार नव्हतं.

अशा वेळी मला रॉस भेटला. साठी ओलांडलेला, उंच, उन्हाने मानेचं कातडं भाजलेला माणूस. त्याची कंपनी म्हणजे तो धरून चार जणांचं ऑफिस होतं. पक्ष्यांचं काम तो स्वतः करायचा आणि सगळ्या व्हिक्टोरिया राज्यात त्याच्या कानाला तोड नाही असं सगळे म्हणायचे. मुलाखतीत त्याने फार काही विचारलं नाही. दहा आवाज लावले आणि म्हणाला, "नावं लिही."

मला एकाचंही नाव येत नव्हतं. मॅगपाय आणि कूकाबरा सोडून मी इथला पक्षी कधी मुद्दाम ऐकलाच नव्हता, आणि त्या दहांत नेमके ते दोघं नव्हते. मी कोरा कागद परत दिला.

"काहीच नाही?" रॉस म्हणाला.

"नावं नाही येत. पण तिसरा आणि आठवा एकच पक्षी आहे. आठव्यात तो लांबून ओरडतोय. आणि पाचव्यात एक नाही, दोन आहेत. दुसरा अगदी शेवटी एकदाच बोलला."

त्याने पाचवा आवाज पुन्हा लावला. मग आणखी एकदा. माझ्याकडे बघून म्हणाला, "नावं शिकवता येतात, मेट. सोमवारी ये."

नावं त्याने खरंच शिकवली. प्रत्येक पक्ष्याचा आवाज तो इंग्रजी शब्दांत बांधून सांगायचा. ते माझ्या डोक्यात राहायचे नाहीत, म्हणून मी वहीत माझे मराठी शब्द लिहायला लागले. एक व्हिसलर पक्षी आहे, तो मला "ये गं ये गं ये गं, चल!" म्हणताना ऐकू येतो. दुसरा त्याचाच भाऊबंद, त्याला ते "चल" म्हणायची सवय नाही. एकदा असं लिहिलं की दोघांत घोटाळा होत नाही. रॉसने ती वही पाहिली, अक्षर न् अक्षर अगम्य, तरी खूश झाला.

त्याच सुमाराचं एक गिऱ्हाईक आठवतं. ग्लेन वेव्हर्लीतल्याच एका बाईंचा फोन आला. छपरात पक्षी अडकला आहे, दोन दिवस ओरडतो आहे, बाहेर काढायला आलेल्या माणसाला सापडत नाही, तुम्ही निदान कुठला आहे ते सांगा. रॉसने मला पाठवलं. बाई डोळे पुसत होत्या. खरंच, मधूनमधून बारीक, एकुलती एक चिवचिव ऐकू यायची. मी जिन्यात वही घेऊन बसले. माझ्या वहीतल्या एका पक्ष्याशी आवाज जवळजवळ जुळत होता आणि मी नाव लिहिणार तेवढ्यात मनगटावरच्या घड्याळाकडे लक्ष गेलं. चाळीस सेकंदांनी चिवचिव. पुन्हा चाळीस सेकंदांनी. कुठलाही पक्षी इतका शिस्तीचा नसतो. स्टुलावर चढून मी पोटमाळ्याच्या दाराशी बसवलेला स्मोक अलार्म काढला. बॅटरी संपत आली होती. बाईंनी मला चहा दिला, पण उदास झाल्या. पक्ष्यात त्यांचा जीव गुंतला होता.

रॉसला हे सांगितल्यावर तो इतका हसला की त्याला गाडी बाजूला घ्यावी लागली. मग आम्ही पुन्हा फ्रीवेला लागलो. आणि तेव्हा मला पहिल्यांदा शंका आली, कारण बाजूला घेताना लावलेला इंडिकेटर तसाच चालू राहिला होता. टक-टक, टक-टक. दहा मिनिटं, वीस मिनिटं. मागचे लोक हॉर्न देत होते. रॉस माझ्याशी मजेत गप्पा मारत होता. त्याला ती टकटक ऐकूच येत नव्हती.

त्यानंतर मी नको तेवढं लक्ष द्यायला लागले. एकटा पक्षी मोकळ्या रानात बोलला की रॉस माझ्याआधी नाव सांगायचा. पण पंधरा-वीस पक्षी एकदम बोलायला लागले की तो पेन्सिल खाली घ्यायचा आणि मान जरा उजवीकडे वळवायचा. थॉर्नबिल त्याच्या कागदावरून हळूहळू कमी होत चालले होते. मी माझ्या कागदावर लिहिलेले तो "मान्य, मान्य" करत आपल्या यादीत घ्यायचा. मी काही बोलले नाही. व्हिसाचं पत्र त्याच्या सहीने मिळणार होतं हे एक कारण. दुसरं असं की ज्याने मला कान दिले त्याला "तुला ऐकू येत नाही" हे सांगायला माझी जीभ रेटत नव्हती. पाच महिने मी गप्प बसले. त्या पाच महिन्यांबद्दल मला आजही चांगलं वाटत नाही.

मग एप्रिलमध्ये क्रेगीबर्नच्या पलीकडचं काम आलं.

शहराच्या उत्तर टोकाचं क्रेगीबर्न तेव्हा रोज वाढत होतं. आपल्या लोकांनी तिथे प्लॉट घ्यायला सुरुवात केली होती. त्याच्याही उत्तरेला एका बिल्डरची नवी वसाहत होणार होती आणि तिचा मुख्य रस्ता ग्रे बॉक्स जातीच्या जुन्या गमच्या एका राईतून जाणार होता. चाळीसेक झाडं, काही दोनशे वर्षांची असावीत. आम्हाला हे काम तिथल्या कौन्सिलने, म्हणजे नगरपालिकेने, दिलं होतं. आम्ही गेलो तेव्हा राई फुलली होती, मधाचा वास गाडीत बसल्या बसल्या येत होता, आणि वर लोरिकीट नावाच्या लहान पोपटांची झुंबड उडाली होती. लोरिकीट म्हणजे पत्र्यावर खिळा ओढावा तसा आवाज. साठ-सत्तर जण एकदम चर्र-चर्र करत होते.

त्या चरचरीच्या मागून मला ऐकू आलं: टिंक्-टिंक्-टिंक्. स्टीलच्या वाटीवर चमचा वाजवावा तसं, झटपट आणि स्वच्छ.

तो स्विफ्ट पॅरट होता. हिरवा, तोंडाशी लाल, शेपटी सुईसारखी. टास्मानियात वीण करून हे पोपट एप्रिलपासून, इथला हिवाळा जवळ आला की, समुद्र ओलांडून इकडे येतात आणि फुललेली झाडं शोधत फिरतात. जगात फार थोडे उरले आहेत. जिथे ते चरतात ती झाडं कुणाला सहजासहजी तोडता येत नाहीत. पण पानांमध्ये ते लोरिकीटांसारखेच दिसतात, आणि शेकडो चर्रमध्ये त्यांचं टिंक् हरवून जातं.

वीस मिनिटं झाली. रॉसने कागद दाखवला. "लोरिकीट साठ, नॉइझी मायनर चार, मॅगपाय दोन. तुझं?"

"स्विफ्ट पॅरट. तीन तरी."

तो हसला. "कुठे पाहिलेस?"

"पाहिले नाहीत. ऐकले. आत्ताही बोलतोय. तो बघ."

रॉसने मान उजवीकडे वळवली. बराच वेळ तसाच उभा राहिला. मग त्याचा चेहरा बदलला. "वैशाली, मी चाळीस वर्षं हे पक्षी ऐकतोय. इथे स्विफ्ट पॅरट नाहीत. ते खोड."

"मला ऐकू आलं ते मी कसं खोडू?"

"कारण एक चुकीचं नाव लिहिलं की पुढे तुझं बरोबर नावही कुणी धरत नाही. खोड."

मी खोडलं नाही. अहवाल शुक्रवारी द्यायचा होता, तो दिवस सोमवारचा होता. फुलं गळायला लागली होती. ती संपली की पोपट उडून जाणार आणि मग मी काय ऐकलं याला काही अर्थ उरणार नव्हता.

मंगळवारी आणि बुधवारी मला सुट्टी होती. ऑफिसच्या कपाटातला रेकॉर्डर मी न विचारता उचलला होता, हे कबूल करते. घरातल्या पंजाबी मैत्रिणीची सायकल घेतली. ती म्हणाली, "पागल है क्या? तोते के लिए?" पहिल्या ट्रेनने शहरात, तिथून क्रेगीबर्नच्या ट्रेनने शेवटच्या स्टेशनपर्यंत आणि पुढे सायकल. मंगळवारी इतका वारा होता की रेकॉर्डरमध्ये वाऱ्याशिवाय काही आलं नाही. बुधवारी वारा पडला. मी एका ओंडक्यावर रेकॉर्डर ठेवला आणि तीन तास हललेसुद्धा नाही. दहाच्या सुमारास टिंक्-टिंक् पुन्हा सुरू झालं. एक समोर, एक डावीकडे, आणि एक अगदी डोक्यावर. डोक्यावरचा क्षणभर उघड्या फांदीवर आला. लाल तोंड, सुईसारखी शेपटी. मी एकटीच मोठ्याने म्हणाले, "आहेस ना! आहेस ना!"

गुरुवारी सकाळी मी रॉसच्या खोलीत गेले आणि रेकॉर्डिंग लावलं. त्याने ऐकलं. "लोरिकीट," तो म्हणाला.

मी आवाज वाढवला. खिडकीची काच थरथरायला लागली.

"लोरिकीट."

आवाजाचं चित्र काढता येतं. कॉम्प्युटरवर प्रत्येक आवाज रेघांसारखा उमटतो. मी ते चित्र त्याच्यासमोर धरलं. लोरिकीटांची चरचर शाई सांडावी तशी पसरलेली होती. आणि तिच्यातून, टाचणीने टोचल्यासारखे, बारीक एकसारखे ठिपके ओळीने गेले होते. ते कुणाचे हे रॉसला सांगायची गरज नव्हती. असली चित्रं वाचायला त्यानेच मला शिकवलं होतं.

तो चित्राकडे बघत राहिला. मग त्याने डोळे मिटून स्पीकरला कान लावला. ठिपके पडद्यावरून सरकत होते आणि त्याला त्यांतला एकही ऐकू येत नव्हता.

"तुला कधीपासून माहीत आहे?" त्याने विचारलं.

"इंडिकेटर चालू राहिला तेव्हापासून."

"ब्लडी हेल. पाच महिने?" तो उठून खिडकीशी गेला. "माझ्या बापाचंही असंच झालं. त्याला शेवटी गाईंच्या घंटा ऐकू येईनात. मला वाटलं, मी सांभाळून घेईन."

मला रडू यायला लागलं होतं. मी म्हणाले, "मी आधी सांगायला हवं होतं."

"हो," तो म्हणाला. "आणि मीही."

त्याच दिवशी त्याने अहवाल बदलला. त्यात त्याने स्वतःच्या हाताने लिहिलं की ही नोंद माझ्या सहकारी वैशाली यांच्या कानाची आहे, माझा कान आता या आवाजासाठी भरवशाचा राहिलेला नाही. चाळीस वर्षांच्या नावावर माणसाने हे असं लिहावं! मी त्याला म्हटलं, हे वाक्य नसलं तरी चालेल. तो म्हणाला, "तू तुझं खोडलंस का? मग मी माझं का खोडू?"

अहवाल पोचला आणि बिल्डरने हरकत घेतली. प्रकरण सुनावणीला गेलं. दरम्यान मला शिरीषचा फोन आला. शिरीष देशमाने माझ्याच विमानातून आलेला, नाशिकचा. कुकरीचा कोर्स करून आता एका गोदामात सुपरवायझर होता. बायको आणि बाळ नुकतेच आले होते.

"वैशाली, त्या पोपटवाल्या रिपोर्टमध्ये तुझं नाव आहे का गं?"

"आहे."

"माझा प्लॉट त्याच वसाहतीत आहे. रस्ता अडकला म्हणून बिल्डर ताबा द्यायला तयार नाही. आम्ही चौघं एका खोलीत राहतोय, आई पण आलीय. तीन पोपटांसाठी, वैशाली?"

मी म्हटलं, "शिरीष, मी ऐकलं ते लिहिलं."

"तू ऐकलं नसतंस तर काय बिघडलं असतं?" असं म्हणून त्याने फोन ठेवला.

सुनावणी शहरातल्या एका ऑफिसात, साध्या कार्पेटच्या खोलीत झाली. समोर तीन जणांचं मंडळ, मधोमध अध्यक्षबाई. बिल्डरचा वकील नीटनेटका, आवाज गोड. त्याच्या शेजारी त्यांची पक्षितज्ज्ञ बसली होती, रॉसच्याच वयाची बाई. वकिलाने आधी माझी सगळी माहिती वाचून दाखवली. देशात येऊन किती वर्षं, व्हिसा कुठला, आधी काय काम. "म्हणजे तुम्ही टायपिस्ट होतात."

"हो."

"आणि अनुभवी माणसाला जे ऐकू आलं नाही ते तुम्हाला आलं."

"हो."

मग त्याने मंडळाकडे बघून विचारलं की साक्षीदाराची परीक्षा घेतली तर चालेल का. दहा आवाज आणले होते. अध्यक्षबाईंनी मला विचारलं, "तुमची तयारी आहे?" मी रॉसकडे पाहिलं. त्याने खांदे उडवले. त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

पहिले सहा मी सांगितले. लोरिकीटाच्या दोन जाती, स्विफ्ट पॅरट, रोझेला नावाचा एक रंगीत पोपट, पुन्हा स्विफ्ट पॅरट, पुन्हा लोरिकीट. सातवा आवाज जेमतेम दोन सेकंदांचा होता, त्यात वारा. मी पुन्हा लावायला सांगितलं. तिसऱ्यांदा सांगितलं. खोलीत कुणीतरी खुर्ची सरकवली.

"काय आहे?" वकिलाने विचारलं.

"सांगता येत नाही."

तो हसला. "सांगता येत नाही?"

मला त्या क्षणी कोथरूडची आमची सुपरवायझर आठवली. डॉक्टर हायपरटेन्शन म्हणाला की हायपोटेन्शन, पंधरा मिलिग्रॅम म्हणाला की पन्नास, हे कळलं नाही तर ती अंदाजाने लिहू द्यायची नाही. रिकामी जागा सोडायची. अंदाज चुकला तर तिकडे माणूस जातो. मी मंडळाला तेच सांगितलं. "मी टायपिस्ट होते तेव्हा शिकले. नीट ऐकू आलं तेवढंच लिहायचं. या आवाजात दोन पक्ष्यांपैकी कुठलाही असू शकतो. मी इथे नाव घेतलं तर तो अंदाज होईल. त्या राईत मी अंदाज केला नव्हता."

अध्यक्षबाई तज्ज्ञ बाईंकडे वळल्या. "सात नंबर काय आहे?"

त्यांनी कागद पाहिला. "इथे लोरिकीट लिहिलंय." मग त्या जरा थांबल्या. वकील त्यांच्याकडे बघत होता. "पण खरं सांगायचं तर, मलाही नुसतं ऐकून सांगता आलं नसतं. हा आवाज परीक्षेत घ्यायला नको होता."

आठवा सोपा होता. नवव्याला मी म्हणाले, "स्विफ्ट पॅरट. आणि मागे, फार लांब, एक पार्डलोट आहे. दोनदा बोलतो."

"कागदावर एकच पक्षी आहे," वकील म्हणाला.

"पुन्हा लावा," तज्ज्ञ बाई म्हणाल्या. आवाज संपला तशी त्यांनी चष्मा काढला आणि माझ्याकडे बघून मान हलवली. "आहे. पार्डलोट आहे. हे रेकॉर्डिंग मी वर्षानुवर्षं वापरते. मला आज पहिल्यांदा ऐकू आला."

दहावा आवाज वकिलाने लावलाच नाही.

बाहेर आल्यावर रॉस सरळ रस्ता ओलांडून गेला. समोरच्या दुकानातून दोन मीट पाय, म्हणजे खिमा भरलेल्या पेस्ट्र्या, घेऊन आला. मी मांस खात नाही हे त्याला पहिल्यापासून माहीत होतं. हातात दिल्यावर लक्षात आलं, तेव्हा दोन्ही त्यानेच खाल्ले, आणि खाताना त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

निकाल आमच्या बाजूने लागला. रस्ता राईला वळसा घालून गेला. झाडं राहिली, आणि दर वर्षी तिथे पक्ष्यांची नोंद करायची अट आली. माझं व्हिसाचं पत्र रॉसने एका बैठकीत लिहिलं. पुढे इथे कायम राहायची पी.आर. झाली, नवरा झाला, मुलगी झाली. आता पार पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या कालगुर्लीच्या सोन्याच्या खाणींकडून फोन येतो तेव्हा ते रॉसच्या कंपनीला विचारत नाहीत, "वैशाली येईल का" असं विचारतात. पहिल्यांदा असं झालं तेव्हा मी पुण्याला आईला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, "विमानाने नेतात तुला? पक्षी ऐकायला?" आणि वडिलांना हाक मारली.

शिरीषला ताबा आठ महिने उशिरा मिळाला. ते आठ महिने मी त्याच्याकडून घेतले ही गोष्ट निकालाने पुसली जात नाही. गणपतीत तो माझ्याशी बोलला नाही. दोन वर्षांनी त्याच्या आईंनी मला वास्तूनंतरच्या हळदीकुंकवाला बोलावलं आणि मागच्या अंगणात नेऊन विचारलं, "हे सकाळी येतात ते कोण गं?" रोझेला होते. मी सांगितलं. शिरीष दारात उभा होता. "आईला आता सगळ्यांची नावं हवी आहेत," तो म्हणाला. "तूच सांग, तूच आणलेस."

रॉसने आणि मी त्या पाच महिन्यांतल्या सगळ्या जागांचे कागद बाहेर काढले. जिथे गर्दीचे आवाज होते तिथे पुन्हा जाऊन ऐकलं. तीन जागी याद्या दुरुस्त झाल्या. चौथ्या जागी पोचलो तेव्हा झाडं तोडून झाली होती. रोलर फिरत होता. तिथे काय होतं ते आता कुणीच सांगू शकत नाही. त्या जागेचा कागद आमच्या ऑफिसात कोराच लावलेला आहे.

रॉस कानाचं मशीन लावायला तयार नव्हता. ते म्हाताऱ्यांसाठी असतं म्हणे. सुनावणीनंतर मी स्वतः त्याची अपॉइंटमेंट घेतली आणि त्याला गाडीत घालून नेलं. परतताना गाडी तो चालवत होता, एकदम ओरडला, "हे काय टकटकतंय?" मी म्हटलं, "इंडिकेटर." त्याने तो चार वेळा चालू-बंद करून पाहिला.

निकालानंतरच्या एप्रिलमध्ये अटीप्रमाणे आम्ही त्या राईत गेलो. पुन्हा फुलं, पुन्हा लोरिकीटांचा तोच धिंगाणा. मशीन लावून त्याची पहिलीच नोंद होती ती. मी मुद्दाम चार पावलं दूर उभी राहिले. मला टिंक्-टिंक् आल्याआल्या ऐकू आलं होतं. मी गप्प राहिले. पाच मिनिटं गेली. सात. रॉस कान, मान, मशीनचं बटण, सगळं फिरवून पाहत होता. मला वाटलं, नाही जमणार.

मग त्याने एक बोट वर केलं.

"स्विफ्टीज्," तो पुटपुटला. मी त्याच्याकडे बघितलं नाही.

वीस मिनिटं झाली. "किती?" मी विचारलं.

"सात."

मी माझा कागद पाहिला. मी सगळा वेळ समोरच्या मोठ्या झाडाकडे कान लावून होते आणि तिथले नीट मोजले होते. "रॉस, सहा आहेत."

"सहा त्या झाडात," तो म्हणाला. "आणि एक आपल्या मागे, कुंपणापाशी. एकटाच आहे."

मी मागे वळले. कुंपणालगतच्या लहान झाडातून एक हिरवा पक्षी सुटला, टिंक्-टिंक् करत आमच्या डोक्यावरून गेला आणि बाकीच्यांत शिरला.

मी कागदावरचे सहा खोडले आणि सात लिहिले.